९०० च्या बँडमधले १० मेगाहर्ट्झ: जीएसएमकडून (टूजी) एलटीईसाठी (फोरजी) जागा काढली त्याचं पूर्ण प्रकरण

नेटवर्कचं नाव सांगत नाही आणि सांगून फरकही पडणार नाही, कारण ९०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, १० मेगाहर्ट्झची जोडी हातात असलेल्या कुठल्याही ऑपरेटरला हेच गणित सोडवावं लागतं. जोडी म्हणजे फोनकडून टॉवरकडे यायला १० आणि टॉवरकडून फोनकडे जायला १०, मधलं अंतर ४५ मेगाहर्ट्झ. मी तेव्हा आरएफ प्लॅनिंगला होतो, कुठल्या टॉवरच्या कुठल्या सेक्टरला (टॉवरवरून एका दिशेला जाणाऱ्या कव्हरेजला) कुठली फ्रिक्वेन्सी द्यायची हे ठरवणं माझं काम. ही केस लिहायचं कारण एवढंच की स्पेक्ट्रमबद्दल बोलताना लोक सरळ म्हणतात, "टूजीवर आता कोण आहे, बंद करा आणि सगळं फोरजीला द्या", आणि ट्रॅफिकचा ग्राफ बघितला तर ते पटतंही. पण जुन्या टेक्नॉलॉजीचं ट्रॅफिक ज्या हिशेबाने कमी होतं त्या हिशेबाने तिची जागा कमी होत नाही, तिचा एक तळ असतो आणि त्याच्या खाली ती जातच नाही. आमची सगळी झटापट त्या तळाशी होती.

आधी काय होतं

१८०० मध्ये एलटीई चालू होतं. थ्रीजी आधीच बंद करून त्याचं २१०० मधलं स्पेक्ट्रमही एलटीईला दिलेलं होतं. ९०० चे सगळे १० मेगाहर्ट्झ मात्र जीएसएमकडे. जीएसएमचा एक कॅरिअर (एक फ्रिक्वेन्सी) २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे १० मेगाहर्ट्झमध्ये ५० बसतात. बहुतेक सेक्टरना चार-चार टीआरएक्स (एकेका कॅरिअरवर चालणारी रेडिओ युनिट), ज्याला आम्ही फोर-फोर-फोर साइट म्हणायचो.

तक्रार एकच आणि सगळीकडून, घरात शिरलं की फोरजी जातं. १८०० चा सिग्नल भिंतीतून आत जाताना ९०० पेक्षा जास्त मार खातो, त्यात अंतर जास्त असेल तर संपलंच. बाहेर चालू असलेला व्होल्टे कॉल (फोरजीवरूनच होणारा कॉल) घरात आला की एसआरव्हीसीसीने, म्हणजे चालू कॉल खाली सोपवायच्या सोयीने, जीएसएमवर ढकलला जायचा, आणि ज्या फोनमध्ये व्होल्टे नव्हतं किंवा चालू नव्हतं ते फोन तर प्रत्येक कॉलला एलटीई सोडून खाली जीएसएमवर उतरायचे, त्याला सीएसएफबी म्हणतात, कॉल लागायलाच काही सेकंद जास्त. म्हणजे बघा, जीएसएमवर जे कॉल दिसत होते त्यातले बरेच जुन्या साध्या फोनचे नव्हतेच, ते फोरजी फोनवाल्यांचे होते ज्यांना घरात फोरजी मिळत नव्हतं.

आणि इथेच गाठ होती. जीएसएमवरचं ट्रॅफिक कमी करायचं तर घरात पोचणारं एलटीई पाहिजे, म्हणजे ९०० मध्ये एलटीई पाहिजे. ९०० मध्ये एलटीई आणायचं तर जीएसएमकडून जागा काढून घ्यावी लागणार, आणि जीएसएम तेव्हा भरलेलं होतं. ट्रॅफिक उतरेपर्यंत थांबू म्हटलं तर ते आपोआप उतरणार नव्हतं, कारण ते उतरवणारी गोष्टच आम्ही अजून लावलेली नव्हती. मीटिंगमध्ये "अजून सहा महिने बघू" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी हीच गाठ कागदावर काढून दाखवली. थांबण्याला पर्याय म्हणणं बरोबर नव्हतं, थांबून काहीच बदलणार नव्हतं.

अर्ध्याचं अर्धं होत नाही

९०० मध्ये एलटीई १.४, ३, ५ आणि १० मेगाहर्ट्झच्या रुंदीत लावता येतं. मधलं काही नाही, ७ नाही, ८ नाही. १.४ घेऊन फायदा नव्हता. ३ वर चर्चा झाली, पण ३ मध्ये रिसोर्स ब्लॉक (एलटीई ज्या तुकड्यांत जागा वाटतं ते) १५ च मिळतात, आणि सिग्नलिंगचा ठराविक खर्च असतो तो लहान कॅरिअरला जास्त जड जातो. ५ मध्ये २५ ब्लॉक, दोन अँटेनांवर डाउनलोडचा पीक साधारण ३७ एमबीपीएस. १० घेतले तर जीएसएम शून्य, तो प्रश्नच नव्हता. म्हणून ५.

आता जीएसएमचं काय होतं ते बघा, इथे बहुतेक लोक फसतात. सेक्टरला चार टीआरएक्सचे दोन केले तर टाइमस्लॉट (एका टीआरएक्सचे वेळेने पाडलेले आठ भाग, एकावर एक कॉल) ३२ चे १६ होतात. सिग्नलिंगचे आणि डेटाचे वजा करून ढोबळमानाने बोलण्यासाठी आधी २८ उरायचे, आता १४. निम्मे. मग क्षमता निम्मी झाली असं वाटतं ना? नाही. अर्लांग-बीचं टेबल काढा, किती चॅनेलवर किती ट्रॅफिक चालतं ते त्यात असतं, एक अर्लांग म्हणजे एक चॅनेल सतत भरलेला. १०० पैकी २ कॉल अडले तर चालतील असं धरलं तर २८ चॅनेलवर २०.२ अर्लांग ट्रॅफिक चालतं, १४ चॅनेलवर फक्त ८.२. निम्मं असतं तर १०.१ आलं असतं. मोठ्या गटात एकाचा मोकळा चॅनेल दुसऱ्याच्या कामी येतो, गट लहान झाला की तो फायदा जातो. जागा अर्धी घेतली आणि क्षमता जवळजवळ ६० टक्के गेली.

ही तूट भरायला हाफ-रेट. एका टाइमस्लॉटमध्ये दोन कॉल, म्हणजे १४ चे परत २८, परत २०.२ अर्लांग. कागदावर हिशेब जुळला. पण हाफ-रेटला सिग्नल स्वच्छ लागतो, आणि आम्ही नेमकं तेव्हाच फ्रिक्वेन्सींची पुनरावृत्ती जवळजवळ आणणार होतो, म्हणजे इंटरफिअरन्स वाढणार होता. जीएसएमला त्याच फ्रिक्वेन्सीच्या दुसऱ्या टॉवरपेक्षा आपला सिग्नल किमान ९ डीबी वर लागतो, प्लॅन करताना आम्ही १२ धरतो. सेलच्या (एका सेक्टरने व्यापलेल्या भागाच्या) काठावर हे मिळत नाही, म्हणून काठावरच्या फोनना फुल-रेट आणि टॉवरजवळच्यांना हाफ-रेट, असं ॲडॅप्टिव्ह ठेवलं. जवळच्या माणसाच्या आवाजातून थोडं काढून लांबच्या माणसाचा कॉल टिकवायचा. मला तेव्हाही ते बरोबर वाटलं आणि आजही वाटतं, कारण लांबच्याला दुसरा टॉवर नसतो.

प्लॅन

उरलेल्या ५ मेगाहर्ट्झमध्ये जीएसएमचे २४ कॅरिअर बसवले. एलटीई मधोमध, त्याच्या खाली अडीच मेगाहर्ट्झमध्ये १२ आणि वर अडीचमध्ये १२. मधोमध का? कारण एलटीई एका टोकाला ठेवलं असतं तर त्याच्या शेजारी दुसऱ्या ऑपरेटरचं जीएसएम आलं असतं, ज्यांचे टॉवर कुठे आहेत आणि पॉवर किती आहे यावर आमचा काहीच हात नाही. मधोमध ठेवलं की दोन्हीकडचे शेजारी आपलेच, त्याच टॉवरवर, त्याच अँटेनातून. फोन टॉवरजवळ असेल तर दोन्हींच्या जवळ, लांब असेल तर दोन्हींपासून लांब, त्यामुळे एकाने दुसऱ्याला दाबण्याची भीती बरीच कमी होते. ५ मेगाहर्ट्झच्या एलटीई कॅरिअरमध्ये प्रत्यक्ष वापर साडेचार मेगाहर्ट्झचाच असतो, दोन्ही बाजूंना पाव-पाव मेगाहर्ट्झ मोकळे सोडलेले असतात, तेही कामी आले.

खालचे १२ बीसीसीएचला दिले. बीसीसीएच म्हणजे प्रत्येक सेलची ओळख सांगणारा कॅरिअर, तो दिवसरात्र पूर्ण पॉवरवर चालू, हॉपिंग (क्षणाक्षणाला फ्रिक्वेन्सी बदलणं) करत नाही, कोणी बोलत असो वा नसो. फोन चालू केला की सगळ्यात आधी तो हेच शोधतो. या कॅरिअरची पुनरावृत्ती चार साइटच्या गटात करतात, प्रत्येक साइटला तीन सेक्टर, चार गुणिले तीन बारा. बारापेक्षा कमीतही करणारे आहेत, पण मग एकच फ्रिक्वेन्सी आणि एकच सेल-कोड असलेले दोन सेल इतके जवळ येतात की फोन एकाचं नाव सांगतो आणि हँडओव्हर (चालू कॉल पुढच्या सेलकडे सोपवणं) दुसऱ्याकडे जातो, कॉल तुटतो.

वरचे १२ हॉपिंगला. त्यातले २ काढून बिल्डिंगच्या आतल्या साइटना ठेवले, उरले १०. आता एका साइटवर तीन सेक्टर सगळे याच १० वर हॉपिंग करणार, तर एका क्षणी दोन सेक्टर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर येता कामा नयेत म्हणून एक सोडून एक जागा द्यायची, म्हणजे ५ जागा. तीन सेक्टरना एक-एक हॉपिंग टीआरएक्स दिला तर ३ लागतात, बसतं. दोन-दोन दिले तर ६ लागतात, बसत नाही. म्हणून सेक्टरला एक बीसीसीएचवाला आणि एक हॉपिंगवाला, टू-टू-टू. वर जे १४ चॅनेलचं गणित केलं ते इथून आलं, कोणी मनाने ठरवलेलं नाही.

एक गोष्ट व्हेंडरच्या इंजिनिअरने सुचवली ती सोन्यासारखी होती. एलटीईमध्ये फोन आपली कंट्रोल माहिती अपलिंकच्या (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या बाजूच्या) दोन्ही टोकांच्या ब्लॉकवर पाठवतो, आणि ती टोकंच जीएसएमला चिकटलेली. जीएसएमचा फोन ९०० मध्ये २ वॅटपर्यंत, ३३ डीबीएमने बोलतो, एलटीईचा फोन २३ डीबीएमने, म्हणजे दहापट कमी. म्हणजे शेजारी दहापट मोठ्याने बोलणारा आणि आपली सगळ्यात नाजूक माहिती त्याच्या कानाशी. मग ती कंट्रोल माहिती टोकापासून थोडी आत सरकवायची आणि टोकाचे ब्लॉक रिकामे सोडायचे. २५ मधला एक-दोन ब्लॉक गेला, पण लिंक टिकली.

बदलाची रात्र आणि दोन लाल पट्ट्या

रीट्यून, म्हणजे सेलच्या फ्रिक्वेन्सी बदलणं, तुकड्यातुकड्याने होत नाही. एका क्लस्टरमधले (लगतच्या टॉवरच्या गटातले) सगळे सेल एकाच वेळी नव्या फ्रिक्वेन्सीवर गेले पाहिजेत, शेजाऱ्यांच्या याद्या त्याच वेळी बदलल्या पाहिजेत, नाहीतर फोन जुन्या फ्रिक्वेन्सीवर शेजारी शोधत बसतो आणि तो तिथे नसतो. रात्री एक ते पहाटे पाच एवढीच खिडकी. स्क्रिप्ट टाकली, सेल खाली गेले, वर आले, पहाटेपर्यंत जीएसएम टू-टू-टू वर होतं आणि मोकळ्या झालेल्या पाच मेगाहर्ट्झवर एलटीई पेटलं.

सकाळी सगळं ठीक वाटत होतं आणि दहाच्या सुमाराला क्लस्टरच्या एका कडेच्या चार-पाच सेलमध्ये अपलोड मरायला लागलं. मी अपलिंकचा इंटरफिअरन्स ब्लॉकनुसार उघडला. २५ ब्लॉकच्या २५ पट्ट्या असतात, काहीच नसेल तर सगळ्या साधारण उणे ११८ डीबीएमच्या आसपास शांत. इथे मधल्या दोनच पट्ट्या लाल, बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा डीबी वर, आणि त्या स्थिर नव्हत्या, उठायच्या आणि बसायच्या, लोक फोन करतात आणि ठेवतात तशा. एलटीईचा ब्लॉक १८० किलोहर्ट्झचा, जीएसएमचा कॅरिअर २०० चा, म्हणजे जीएसएमचा एक कॅरिअर एलटीईवर पडला की साधारण दोन ब्लॉक रुंदीचा डाग दिसणार. कुठेतरी एक जीएसएम सेल अजून आमच्या मोकळ्या केलेल्या जागेत बोलत होता.

क्लस्टरच्या बाहेर आम्ही बफर ठेवला होता, म्हणजे बदल न झालेल्या भागातल्या कडेच्या साइटवरूनही ते २५ कॅरिअर काढून टाकलेले, जेणेकरून तिकडचे २ वॅटचे फोन आमच्या एलटीईच्या कानात ओरडू नयेत. यादीवर सगळ्या साइटपुढे बरोबरची खूण होती. दुपारपर्यंत एकेक फ्रिक्वेन्सी मोजून शेवटी सापडली, बफरमधलीच एक उंचावरची साइट. बदलाच्या वेळी तिची लिंक काही मिनिटं तुटलेली होती, स्क्रिप्ट तिच्यापर्यंत पोचलीच नाही, आणि स्क्रिप्टच्या लॉगमध्ये "पाठवली" एवढंच लिहिलेलं होतं, "लागली" असं नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही रीट्यूननंतर साइटवरून परत वाचून घेतलेली फ्रिक्वेन्सी मागतो, पाठवलेली नाही.

ज्यांचा फोन येत नाही

तिसऱ्या दिवशी फील्डवरच्या मुलाचा फोन आला. "सर, बाहेर टॉवर फुल आहे, आत लॉबीत आलो की काहीच नाही, जीएसएम पण नाही." मोठी इमारत, तळघरात दोन मजले. आत कोणे एके काळी बसवलेला रीपीटर (बाहेरचा सिग्नल पकडून आत वाढवणारा), आणि तो चॅनेल-सिलेक्टिव्ह, म्हणजे ज्या कॅरिअरचे आकडे त्यात भरलेत तेवढेच आत सोडतो. त्यात भरलेला होता समोरच्या सेलचा जुना बीसीसीएच. आम्ही सेलची फ्रिक्वेन्सी बदलली, रीपीटरला कोणी सांगितलंच नाही, तो इमानदारीत आता अस्तित्वात नसलेला कॅरिअर वाढवत बसला होता आणि अख्खी इमारत अंधारात. असे रीपीटर आमच्या कुठल्याच नेटवर्क सिस्टिममध्ये दिसत नव्हते कारण त्यांना रिमोट लिंकच नव्हती, त्यांची माहिती जुन्या एक्सेलमध्ये आणि ते बसवणाऱ्या माणसांच्या डोक्यात. त्या आठवड्यात आम्ही सगळ्या जुन्या फायली चाळून यादी केली आणि एकेका ठिकाणी माणूस पाठवला. पुढच्या प्रत्येक क्लस्टरला ही यादी आधी, रीट्यून नंतर.

पण माणसं निदान तक्रार करतात. ज्यांच्यामुळे मला खरोखर वाईट वाटलं ती मशीनं होती. वीज मोजणारे मीटर, गाड्यांचे ट्रॅकर, कार्ड घासायची मशीनं, लिफ्टचे अलार्म, यांच्यात टूजीचं मॉडेम. दिवसभराचा ग्राफ बघितला तर यांचं डेटा ट्रॅफिक नगण्य, म्हणून आम्ही जीपीआरएससाठी (टूजीच्या डेटासाठी) राखलेले स्लॉट एकावर आणले. आणि मीटर काय करतात, सगळे मध्यरात्री बारा वाजता, घड्याळ लावल्यासारखे, एकदम दिवसाचं रीडिंग पाठवायला उठतात. आमचे आकडे तासाच्या सरासरीचे, त्यात बारा ते एक हा तास शांतच दिसायचा. पंधरा-पंधरा मिनिटांचं काढलं तेव्हा दिसलं की पहिल्या काही मिनिटांत सिग्नलिंगचे चॅनेल खचाखच, मीटरला नाही म्हटलं की तो परत प्रयत्न करतो, परत नाही म्हटलं की परत, आणि हजारो मीटर हेच करत असताना खऱ्या माणसाचा कॉलही त्या गर्दीत अडकतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने अलार्म दाबला आणि तो याच रांगेत उभा राहिला तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही.

उपाय दोन केले. रात्री अकरा ते दोन जीपीआरएसचे स्लॉट वाढवले, तेव्हा बोलणारे कमी असतातच. आणि मीटर चालवणाऱ्यांशी बोलून त्यांच्या सर्व्हरवरून वेळा पसरवून घेतल्या, कोणी बारा दहाला, कोणी बारा चाळीसला. दुसरा उपाय तांत्रिकदृष्ट्या काहीच नाही, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला, आणि तो करायला आम्हाला कोणाला तरी फोन लावावा लागला एवढंच.

ट्रॅफिक उतरलं, जागा नाही उतरली

९०० चं एलटीई घरात पोचलं तसे व्होल्टे कॉल घरातही टिकायला लागले, जीएसएमवर ढकलले जाणारे कॉल आटले. हे अपेक्षित होतं. किती आटतील याचा अंदाज आम्ही आयएमईआयच्या पहिल्या आठ आकड्यांवरून काढला होता, त्यावरून फोनचं मॉडेल कळतं आणि मॉडेलवरून त्यात ९०० चा एलटीई बँड आहे का, व्होल्टे आहे का ते. इथेही एक खड्डा आहे. फोनमध्ये व्होल्टे असणं आणि तो फोन या नेटवर्कवर व्होल्टे वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी, सॉफ्टवेअरमध्ये त्या नेटवर्कचं सेटिंगच नसेल तर फोन नवा असूनही कॉलला खालीच उतरतो. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये थ्रीजी बंद करताना याहून गंभीर प्रकार समोर आला, काही फोन रोजचे कॉल व्होल्टेवर करायचे पण इमर्जन्सीचा ००० नंबर लावला की थ्रीजीच शोधायचे. बंद करायची तारीख पुढे ढकलत ढकलत तिथल्या टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी शेवटी २८ ऑक्टोबरला सुरुवात केली. असा फोन मॉडेलच्या यादीवर एकदम ठीक दिसतो.

तर आमचं ट्रॅफिक उतरलं, बऱ्याच सेक्टरमध्ये हॉपिंगवाला टीआरएक्स बंद करण्याइतकं उतरलं. आणि मग मॅनेजमेंटचा प्रश्न आला, अगदी रास्त प्रश्न, की आता उरलेल्या ५ मधले किती परत देताय? उत्तर देताना मलाच त्रास झाला. बोलणारे कितीही कमी झाले तरी १२ बीसीसीएच लागतातच, कारण ते बोलणाऱ्यांसाठी नसतातच, ते "इथे नेटवर्क आहे" हे सांगण्यासाठी असतात. एका सेलमध्ये दिवसाला एक कॉल झाला तरी तो कॅरिअर चोवीस तास पूर्ण पॉवरवर. १२ गुणिले २०० म्हणजे २.४ मेगाहर्ट्झ, हा जीएसएमचा तळ. आणि १० मधून २.४ गेले तर ७.६ उरतात, पण एलटीईला ५ नंतर थेट १० च. म्हणजे २.६ मेगाहर्ट्झ मोकळे झाले आणि एलटीईला ते घेताच येईनात.

थ्रीजी आधी का गेलं आणि टूजी मागे का राहिलं हे लोक नेहमी विचारतात, जर्मनीत २०२१ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा टूजी चालूच ठेवलं होतं. कारण हेच, तळ. थ्रीजीचा एक कॅरिअर ५ मेगाहर्ट्झचा, आणि तो एकसंध, त्याचे तुकडे होत नाहीत, शेवटचा एक माणूस राहिला तरी पूर्ण ५ धरून बसतो. टूजी निदान २०० किलोहर्ट्झच्या तुकड्यांनी बारीक करता येतं. वर थ्रीजीवर जे होते त्यातल्या बहुतेकांना फोरजीवर नेता येत होतं, आणि टूजीवर ते मीटर आणि साधे फोन. उलटं करणारेही आहेत, अमेरिकेतल्या एटी अँड टीने २०१७ च्या सुरुवातीला टूजी बंद केलं आणि थ्रीजी २०२२ पर्यंत चालवलं, प्रत्येकाच्या नेटवर्कवर कोण बसलंय त्यावर आहे ते.

एक मार्ग होता तो आम्ही गंभीरपणे तपासला. एलटीई सरळ १० चं लावायचं आणि जीएसएमचे १२ कॅरिअर त्याच्या एका टोकावर, त्याच जागेत, ठेवायचे, तिथले ब्लॉक एलटीईने वापरायचेच नाहीत. व्हेंडरकडे असं शेअरिंगचं फीचर असतं. २.४ मेगाहर्ट्झ म्हणजे १४ ब्लॉक अडले, ५० मधून ३६ उरले, आत्ताच्या २५ पेक्षा बरेच जास्त. पण एलटीईचा डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे) कंट्रोल चॅनेल पूर्ण रुंदीवर पसरलेला असतो, त्यातला एक भाग कायम पूर्ण पॉवरच्या बीसीसीएचखाली दबणार, आणि फोन सिग्नलची जी मोजमापं घेतो त्यातही तो गोंधळ शिरणार. सेलच्या काठावर, म्हणजे ज्या घरातल्या माणसासाठी हे सगळं केलं त्याच्यापाशीच, हे सगळ्यात जास्त बाधतं. मी नको म्हटलं. दुसरे काही जण म्हणाले करून बघू, आणि त्यांचंही चूक नव्हतं, जिथे जीएसएमचे टॉवर विरळ आहेत तिथे हे चालू शकतं.

फाईव्हजीचं विचाराल तर ९०० मधल्या या ५ मध्ये एलटीई आणि एनआर (फाईव्हजीचं रेडिओ तंत्र) एकत्र चालवायचा विचार आम्ही लवकर सोडला. डायनॅमिक शेअरिंगमध्ये दोघं एकाच कॅरिअरवर मिलिसेकंदाच्या हिशेबाने जागा वाटून घेतात हे खरं, पण एलटीईचे रेफरन्स सिग्नल (ज्यांवरून फोन मोजमाप घेतो ते) कायम चालूच असतात, एनआरला त्यांच्याभोवतीने वाट काढावी लागते, आणि एनआरचा स्वतःचा सिंक ब्लॉकच (ज्यावरून फोन नेटवर्क शोधतो तो) २० रिसोर्स ब्लॉक रुंद. २५ मधले २० तो आला की त्यानेच भरतात. १८०० मध्ये २० मेगाहर्ट्झच्या कॅरिअरला हे परवडतं, तिथे १०० ब्लॉक असतात, तिथे लावलंही. तळ मात्र तिथेही आहे, यावेळी तो एलटीईचा, आणि उद्या एलटीई काढायची वेळ आली की याच रेफरन्स सिग्नलशी कोणीतरी झटणार आहे.

मोकळ्या झालेल्या हॉपिंगच्या जागेचं आम्ही जे केलं ते छोटं होतं पण मला त्याचं समाधान आहे. त्यातली २०० किलोहर्ट्झची एक जागा नॅरोबँड आयओटीला (मीटरसारख्या मशीनांसाठीच्या तंत्राला) दिली, त्याला १८० च लागतात, जीएसएमच्या एका कॅरिअरच्या जागेत नीट बसतं, आणि तळघरातल्या मीटरपर्यंत पोचण्यासाठीच ते बनवलेलं आहे. नवे मीटर सगळे त्यावर बसवायचे असं मीटरवाल्यांशी ठरलं. जुने मात्र हार्डवेअर बदलल्याशिवाय जाणार नाहीत, आणि मीटर पंधरा-पंधरा वर्षं चालेल अशा हिशेबाने भिंतीवर लावलेला असतो. त्यांची यादी दर महिन्याला यायची, कुठल्या सेलवर अजून किती टूजी मीटर. काही सेलपुढे शून्य दिसायला लागलं होतं, पण शून्य झालेल्या सेलचाही बीसीसीएच बंद करता येत नव्हता, कारण त्याच्या शेजारच्या सेलवर अकरा मीटर आणि एका इमारतीच्या लिफ्टचा अलार्म होता, आणि मधून जाणाऱ्या साध्या फोनवाल्याचा कॉल तिथे तुटला असता. मी ते काम सोडलं तेव्हा १२ च्या १२ चालू होते आणि यादीत सगळ्यात वर त्या लिफ्टचा नंबर होता, मॉडेम बदलायची तारीख ठरलेली.